चपाती ताईला, भाकरी मला

अन्याय माझ्या ताईवर झाला. ती दहावीत होती, दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीचा शनिवार होता, आणि वेळ दुपारची, दवाखाना बंद व्हायच्या जरा आधीची. कर्जतच्या बाजारातल्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं पोट दाबून बघितलं नाही, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली नाही, एक प्रश्न धड विचारला नाही. आईकडे बघून म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. या वयात पोरी नखरे करतात. भात-भाकरीनं काय ताकद येणार? चपाती द्या, बिस्किटं द्या, दुधात पाव बुडवून द्या."

मी सहावीत होते. तिथंच बाकावर बसले होते. ताईनं मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पोटात दुखतंय हे सांगायला ती आली होती आणि नखरेल ठरून बाहेर पडली.

गावच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं मी लिहिते. नदीत सोडलेल्या काळ्या पाण्याचं, फाटकावरच्या पुलाचं, बंद पडलेल्या एसटीचं. पत्रकात पहिल्याच ओळीत सांगायचं असतं की कुणावर, कधी, काय झालं. सवयीनं इथंही तसंच सुरू केलं. पण पुढचं पत्रकात बसत नाही, कारण त्यात घोषणा देण्यासारखं थोडं आहे आणि आठवण येण्यासारखं फार.

आमचं गाव कर्जतहून खालापूरकडे जाताना रस्त्याच्या आत. पावसात भात, भात कापला की त्याच ओलीवर वाल. बाबा कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे, शेत आईच्या अंगावर. घरात तिन्ही त्रिकाळ तांदूळ: सकाळी भाकरी, दुपारी भात, संध्याकाळी पुन्हा भाकरी. गहू रेशनचा यायचा आणि डब्यात पडून राहायचा. पाहुणे आले की चपाती. मुंबईची माणसं आली की चपाती. चपाती म्हणजे आमच्याकडे मान होता.

त्या शनिवाराआधी मी आणि ताई एकाच ताटात जेवायचो. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, मोठं ताट, एका बाजूनं चेपलेलं. चेपलेली बाजू माझी, कारण रस्सा तिकडे वाहून यायचा. आई तव्यावरून भाकरी थेट ताटात टाकायची, ताई ती दोन्ही हातांनी फोडायची, वाफ तोंडावर घ्यायची आणि पापुद्रा मला द्यायची. फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा. तो मला आवडायचा म्हणून नव्हे, मी तो घेतल्याशिवाय जेवायलाच बसायचे नाही म्हणून.

त्या शनिवारनंतर ताट वेगळं झालं. आईनं डॉक्टरांचं तंतोतंत ऐकलं. चांगला गहू विकत आणला, चपात्या लाटायला लागली, वर तूप. त्या ताईला. भाकरी मला. मी रुसायचे.

"मला पण चपाती."

"तुझी तब्येत बरी हाय. ती बघ, काडी झालीय नुसती. खाऊ दे तिला."

ताई खायची. मग पोट धरून पडवीत बसायची. मग आई आतून वाटी घेऊन यायची, पातळ ताक, त्यात हिंग. पोटासाठी आमच्याकडे औषध एकच. लहान बाळाच्या बेंबीवर हिंग, मोठ्यांच्या ताकात हिंग. ताई नाक दाबून ते प्यायची. "आई, वास नको वाटतो गं." "नाक दाब नि पी. उतार पडंल." उतार पडायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चपाती, पुन्हा वाटी.

तिची उंची थांबली. मी आठवीत गेले तेव्हा तिच्या खांद्याला खांदा लागला, नववीत मी पुढे गेले. सगळ्या घरांत मोठीचे कपडे धाकटीला येतात, आमच्याकडे माझे तिला जायचे. तोंड सतत आलेलं, नखं चमच्यासारखी खोलगट, चढावर दम. रक्तवाढीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या. गोळ्या पोटात जात होत्या आणि आतडं त्यातलं काही घेतच नव्हतं, हे कुणाला ठाऊक? शेजारची काकी आईला म्हणायची, "आगं, हिला कायतरी बाहेरचं बघ. आसं खाऊनपिऊन कोण वाळतं?" काकीला मी माफ केलंय. ती शिकलेली नव्हती. शिकलेला तो खुर्चीत बसला होता.

ताई पुढे नोकरीला डोंबिवलीला गेली. दोन मैत्रिणींबरोबर खोली. तिथं एकदा चक्कर येऊन पडली, तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून विचारलं, काय खातेस, कधीपासून दुखतं, घरात अजून कुणाला आहे का. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. रक्त तपासलं, मग घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढून तपासला. आजाराचं नाव निघालं सिलिॲक. गहू, जव आणि त्यांच्या भाऊबंद धान्यांत जे चिकट प्रथिन असतं, ज्यामुळे चपाती लवते आणि पाव फुगतो, ते ग्लुटेन तिच्या आतड्यात गेलं की तिचंच शरीर आतड्याच्या अस्तरावर तुटून पडतं. औषध नाही. गहू आयुष्यभरासाठी बंद. कणभरही नको.

तिनं मला फोन केला. मला वाटलं ती रडेल. ती हसत होती. "ऐकलंस काय गं? मला चपाती बाधते. भाकरी नाय बाधत! आपली भाकरी चालते मला!"

इतकी वर्षं ज्याला ताकद म्हणून भरवलं तेच तिला पोखरत होतं, आणि ज्याला कमी समजलं तेच तिचं अन्न होतं.

डॉक्टरीणबाईंनी घरच्यांनाही तपासायला सांगितलं, कारण याची मुळं जनुकांत असतात. माझ्यात ते जनुक सापडलं. आजार नाही सापडला. मी चिडूनच विचारलं, "म्हणजे काय? एकाच आईबापाच्या पोरी, एकच जनुक. ती आजारी नि मी धडधाकट, हे कसं?"

बाईंनी सांगितलं ते माझ्या भाषेत मांडते. हे जनुक पुष्कळ लोकांत असतं. ज्यांच्यात असतं त्यांचं शरीर ग्लुटेनला शत्रू समजू शकतं. समजू शकतं, समजेलच असं नाही. बहुतेक जण आयुष्यभर चपात्या खातात आणि त्यांना काही होत नाही. मधे कोण असतं? तर आतड्यात राहणारे सूक्ष्मजीव. त्यांची आख्खी वस्ती असते पोटात, आपण जन्मल्यापासून बसत गेलेली. त्यातले काही ग्लुटेनचे असे तुकडे करतात की शरीर फारसं बिथरत नाही, काही असे करतात की जास्त बिथरतं. कुठली वस्ती बसावी यातही जनुकांचा थोडा हात असतो, असं दिसतंय. म्हणजे जनुक जंतूंना वळण देतं आणि जंतू ठरवतात की जनुकाचा आवाज किती चढायचा. शिवाय लहानपणीचे संसर्ग, औषधं, खाणं, सगळं त्या वस्तीला हलवतं.

"मग तिच्या लहानपणच्या औषधांनीच झालं," मी म्हटलं. ताईचा कान सारखा फुटायचा. वर्षात कितीदा तरी अँटिबायोटिकची ती गुलाबी बाटली घरात यायची, तापाला पण तीच, खोकल्याला पण तीच. माझ्या वेळेला आईला ती बाटली आणायला सवड नसायची. मी मडक्यातलं ताक, शिळा भात आणि माती खाऊन वाढले. मला तिथल्या तिथं पत्रकाचा मथळा दिसायला लागला होता.

बाई म्हणाल्या, "असं ठामपणे सांगता येत नाही. शक्यता आहे, अभ्यास चालू आहेत. कारण आणि परिणाम अजून सुटे झालेले नाहीत. हिच्यातली वस्ती आजारानं बदलली की वस्ती बदलली म्हणून आजार आला, हेसुद्धा पक्कं सांगणं अवघड आहे."

मला राग आला. मला गुन्हेगार हवा होता आणि बाई खरं बोलत होत्या. गुलाबी बाटलीवर मी आजही खटला भरू शकत नाही. पण एक गुन्हा पक्का आहे. तपासणी होती. रक्ताची, साधी. ती कुणी सुचवली नाही, कारण समोर नखरेल पोरगी बसली होती.

त्यानंतर ताई पहिल्यांदा घरी आली ती नाचत आली. कर्जतला उतरली तेव्हा फलाटावर वडापावचा वास दरवळत होता. एक खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "वासाला मनाई नाय ना?" घरी आईनं तिला चुलीपुढे बसवलं. भाकरी, वालाचं बिरडं, ताक. ताई खात राहिली. आई बघत राहिली.

तिसऱ्या प्रहरी ताईच्या पोटात कळ आली. रात्री उलट्या. दोन दिवस ती खाटेवरून उठली नाही. डोंबिवलीच्या खोलीत स्वतःच्या हातचं खाऊन ती सुधारली होती, गालावर जरा मांस आलं होतं, आणि स्वतःच्या घरी, तांदळाच्या मुलखात, आईच्या हातची भाकरी खाऊन ती आडवी झाली.

तशातच शेजारी सत्यनारायण. ताई कशीबशी उठून पाया पडायला गेली. काकीनं हातावर शिरा ठेवला. शिरा म्हणजे रवा, रवा म्हणजे गहू. ताईनं प्रसाद कपाळाला लावला आणि माझ्या हातावर ठेवला.

"देवाचं पण बाधतं काय गं हिला?" काकी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "डोंबिवलीची झाली आता. आमी आपले अडाणी, शिरा खाऊन जगलो."

बायका हसल्या. ताईही हसली, तसं हसायला तिला दवाखान्यापासून येतं. परत जाताना पिशवी भरताना मला म्हणाली, "मी नाय येत आता लवकर. आईला बोलू नको." आई दाराआड होती. तिनं ऐकलं. ताई गेल्यावर आईनं दोन्ही हात पुढे धरून माझ्यासमोर उलटेसुलटे केले. "माझ्या हाताचंच सोसत नाय तिला. हाताचंच."

त्या एका वाक्यासाठी मी पुढचं सगळं केलं.

ताईनं एक गोष्ट मात्र नेली होती, विरजण. स्टीलच्या झाकणाच्या डबीत आईच्या दह्याचं विरजण. डोंबिवलीच्या खोलीत ती रोज त्यातलंच थोडं दुधात घालून नवं दही लावते. एकदा फ्रीज बंद पडून दही नासलं तेव्हा तिनं मला फोन करून मागितलं. मी कर्जतला गाडीत बसले आणि डबी पोचवून आले. त्या दह्यानं ती बरी होईल असं नाही. बाईंनी ते साफ सांगितलंय आणि मीही इथं साफ सांगते, दही खाऊन सिलिॲक जात नाही. पण आमच्या मडक्यातले जीव तिच्या खोलीत वाढत होते. आईच्या हातचं तिच्या पोटात जात होतं तर एवढंच. आई रोज रात्री दूध विरजताना म्हणायची, "तिकडं पण लावलं आसंल आता."

मी विचार केला, तांदूळ आमचाच, शेतातला. मग चूक कुठं? गिरणीत. गावात गिरणी एकच. त्याच दगडात गहू, त्याच दगडात तांदूळ, खाली बांधलेली कापडी पिशवी तीच. आधीच्या दळणाचं पीठ पुढच्या दळणात जाणारच.

मी पत्रक काढलं. "गिरणीत तांदळाचा वेगळा वार हवा!" खाली कारणं. गिरणीवाल्या काकांच्या हातात नेऊन दिलं. पिठानं पांढरे झालेले, भुवयासुद्धा. त्यांनी वाचलं, घडी केली, तीत तंबाखू ठेवली.

"काय गं पुढारी, आता गिरणीवर मोर्चा?"

"काका, हसू नका. ताईला गहू बाधतो."

"मग नको खाऊ म्हणावं. तांदूळ आन् गहू काय एकमेकांना चावतात?"

"एकमेकांना नाय चावत. ताईला चावतात."

रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. काका पण. "बरं. मंगळवार सकाळ तांदळाची. पर आयत्या येळी कुणाकडं पाव्हणं आलं तर मी गव्हाला नाय म्हनणार नाय. पिठासाठी कुणाला परत धाडलं नाय आजवर."

वाईट माणूस नाही तो. पण दुसऱ्याच मंगळवारी मी गेले तेव्हा गव्हाचं पोतं गिरणीच्या तोंडाशी टेकलेलं होतं. फोनवर ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "वार बदलून काय होणार गं? दगड तेच ना?"

दगड तेच. आई चुलीपाशी बसली होती, तिनं ऐकलं. उठली, न्हाणीमागे गेली. तिथं आमचं जातं पडलं होतं, गोणपाटाखाली. आमच्याकडे जातं फक्त लग्नात निघतं. त्याला आंब्याचा डहाळा बांधतात, हळद दळतात, गाणी म्हणतात, मग पुन्हा गोणपाट. आत्याच्या लग्नानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. आईनं ते घासलं, धुतलं, उन्हात टाकलं. "ह्यात गहू कधी पडलाच नाय," ती म्हणाली. "हळद पडली, उडीद पडले, तांदूळ पडले. गहू नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुऊन वाळवलेले तांदूळ दळायला घेतले. जात्याची घरघर गल्लीत गेली आणि काकी धावत आली, पदर सावरत, तोंडभर हसत. "आगं, कुणाचं लगीन ठरलं? सांगितलंस पण नाय! ताईचं?"

आई दळत राहिली. "भाकरी हाय. लगीन नाय."

काकीचं हसू जिथल्या तिथं राहिलं. ताईच्या वयाच्या मुलींना तेव्हा पोरं होती आणि आमच्या दारात जातं फिरत होतं ते भाकरीसाठी. आईच्या खुंट्यावरच्या हाताला फोड आला तरी ती थांबली नाही. मी मधे बसले, दोन वेढे दिले आणि खांदा भरून आला. आईनं मला उठवलं. "तुला नाय जमायचं. तू पत्रकं लिही."

नवा तवा आणला, नवी परात. ताईला निरोप धाडला. ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, "आई जात्यावर दळतीय." तिनं पुन्हा विचारलं, "जात्यावर?" मग, "येते."

आली. आईनं नव्या तव्यावर भाकरी केली. बरोबर बिरडं, ताक. ताई भीत भीत जेवली. आणि पुन्हा तेच. तिसऱ्या प्रहरी कळ, मग मोरी. या वेळी आई रडली नाही. जात्यावर गोणपाट टाकलं आणि माजघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. दिवसाउजेडी निजलेली आई मी त्याआधी पाहिली नव्हती.

ताई परत गेली. निघताना आईला वाकून नमस्कार केला, लांबच्या नातेवाईकांना करतात तसा.

कळलं ते आठवड्याभरानं, फोनवर. आई ताईशी बोलत होती, मी शेजारी वाल सोलत होते. फोन मोठ्या आवाजात लावलेला, कारण आईला तसंच ऐकू येतं.

"आता बरी हायस?"

"हाय गं."

"ताक घेते ना? हिंग टाकून घेत जा. मी तर तू आलीस की बिरड्यात पण दुप्पट टाकते, तुझं पोट नाजूक. ताकात पण टाकला होता, तुला कळू नाय म्हणून जिरं जास्त घातलं वरनं."

आईनं फोन हलवून बघितला.

"आगं, हायस ना?"

"आई," ताई म्हणाली, "कुठला हिंग?"

"डबीतला. नेहमीचा. का गं?"

मी उठून मसाल्याच्या फळीवरून डबी काढली. बाजारात डबीत मिळतो तो हिंग बहुतेकदा नुसता हिंग नसतो. खडा फार उग्र असतो म्हणून त्यात पीठ मिसळतात. आमच्या डबीवर मागं लिहिलं होतं, गव्हाचं पीठ.

दहावीपासून. चपातीनं दुखलं की हिंगाचं ताक. भाकरी सुरू झाली तरी हिंगाचं ताक. ताईनं डोंबिवलीत प्रत्येक पाकीट उलटून वाचायची सवय लावून घेतली होती, पण हिंग तिनं कधी विकतच आणला नव्हता. त्या वासाला ती लहानपणापासून पळत होती. म्हणून तिच्या खोलीत ती बरी आणि आईच्या घरात आजारी. आई जितकी माया करायची तितका हिंग वाढायचा.

मला भीती वाटली की आईला आता हे कसं सोसेल. तिनं डबी माझ्या हातातून घेतली, झाकण उघडलं, वास घेतला. अंगणात गेली आणि उकिरड्यावर ओतली. परत आली आणि फोनमध्ये, अजून चालूच होता तो, मोठ्यानं म्हणाली, "हात नव्हता गं माझा! डबी होती!"

ताई पलीकडे रडत होती. आई हसत होती. असं उलटं आमच्या घरात पहिल्यांदाच झालं.

मागच्या थंडीत, वालाच्या शेंगा भरल्यावर, ताई आली. आम्ही शेतात पोपटी लावली. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि मीठ, मग मडकं उलटं करून भोवती जाळ. त्यात गहू नाही, हिंग नाही. कुणालाही वेगळं काही करावं लागलं नाही. ताई सगळ्यांच्या बरोबरीनं, एकाच पानावरच्या ढिगातून शेंगा उचलून खात होती. काकी पण होती. तिनं ताईपुढे बटाटा धरला आणि हात मागे घेतला. "हे चालतं काय गं?" "चालतं काकी." "मग खा की!" एवढंच बोलली. पण आधी विचारलं.

घरी आईनं भाकरी केली. चेपलेलं जर्मनचं ताट मी माळ्यावरून काढून घासून ठेवलं होतं. त्या चार दिवसांत मी गव्हाला हात लावला नव्हता, न सांगता. ताईनं ताट ओळखलं. भाकरी फोडली, वाफ तोंडावर घेतली आणि पापुद्रा माझ्याकडे सरकवला. मी आता तिच्यापेक्षा वीतभर उंच. तरी घेतला.

मग आम्ही वाट बघितली. तिसरा प्रहर गेला. संध्याकाळ गेली. आई उगाच भांडी पुसत होती. सकाळी ताई अंथरुणातून उठली, केस बांधत चुलीपाशी आली आणि म्हणाली, "आई, शिळी भाकरी हाय काय गं?"

आईनं पाठ फिरवूनच टोपलीवरचं फडकं काढलं.

ताई सोमवारी परत गेली. जाताना विरजणाची डबी, जात्यावरचं पीठ. ती येते आता. सणाला येते, पण एक दिवस. गावात लग्न असलं की नाही येत. हळदीच्या पंगतीत पुन्हा कुणीतरी विचारणार, पुन्हा कुणीतरी हसणार, तिला माहीत आहे. तिच्या राहिलेल्या उंचीचं काय करायचं, आम्ही दोघी एका ताटात जेवलो नाही त्या वर्षांचं काय करायचं, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. कर्जतच्या फलाटावर गाडी हलली की मी अजून थोडा वेळ तिथंच उभी राहते. तिला घरात आणलं. गावात आणायचं राहिलं.

ते माझ्या एकटीनं होणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात एखादी पोर ताटावरून पोट धरून उठत असेल, वाळत असेल, गोळ्या खाऊनही रक्त चढत नसेल, तर तिला नखरेल म्हणू नका. उद्या तिला डॉक्टरकडे न्या आणि समोर उभं राहून विचारा, "सिलिॲकचं रक्त तपासणार का?" तपासणी होईपर्यंत आपल्या मनानं गहू बंद करू नका, नाहीतर आजार असून तपासणीत सापडणार नाही. ते म्हणाले की काही झालेलं नाही, तर खुर्चीतून उठू नका. आणि तुमच्याकडे पूजा असेल, तर शिऱ्याच्या पातेल्याशेजारी केळ्यांची फणी ठेवा. जी शिरा घेणार नाही तिच्या हातावर केळं ठेवा आणि कारण विचारू नका.

तिला पंगतीत बसवा. आमची ताई बाहेर उभी आहे.